बदलत्या नावाची नक्कल



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला सी भाषा फळ्यावर शिकवली. मशीन एकच होतं आणि मुलं चाळीस. सर खडूनं चौकोनांची रांग काढायचे, एकेका चौकोनात एकेक अक्षर भरायचे आणि शेवटच्या चौकोनात ठळक शून्य. ‘शून्य दिसलं की थांबायचं,’ एवढं सांगून डस्टर उचलायचे. एकदा वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत होती आणि सरांनी त्याच चौकोनांत पुढचं उदाहरण लिहायला घेतलं. तिच्या वहीत सुरुवात नव्या शब्दाची आणि शेवट जुन्या शब्दाचा, असं भलतंच काही उतरलं. सर ती वही बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘तू बरोबर उतरवलंस, मीही बरोबर लिहिलं. पण आपण दोघांनी काही ठरवलंच नव्हतं.’

आज मी त्या वहीबद्दल बोलणार आहे. फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये एक जण फाइलचं नाव वाचत असताना दुसरा तेच नाव बदलत असेल, तर काय होतं आणि काय व्हायला हवं, एवढाच माझा विषय. उदाहरणं लिनक्सची घेतो. एक तर त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. दुसरं म्हणजे या सभागृहात ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात लिनक्सचा हाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आत्ता चालू आहे.

आधी नाव राहतं कुठे ते पाहू. डिस्कवर ते फोल्डरच्या नोंदीत असतं. पण दर वेळी डिस्कपर्यंत जायचं तर मशीन रांगेल. म्हणून एकदा वाचलेली नावं कर्नल मेमरीत सांभाळून ठेवतो. अशा प्रत्येक नोंदीला डेंट्री म्हणतात. ही नोंद कोणत्या फोल्डरच्या पोटात आहे, तिच्यामागची खरी फाइल कोणती आणि तिचं नाव काय, हे सगळं डेंट्रीत असतं. २०१७ सालच्या ६४ बिटच्या कर्नलमध्ये ही नोंद १९२ बाइटांची होती आणि त्यातले ३२ बाइट नावासाठीच राखून ठेवलेले होते. नाव शेवटच्या शून्यासकट या ३२ बाइटांत मावलं तर तिथेच, नोंदीच्या आत. मावलं नाही तर बाहेर वेगळी जागा घ्यायची आणि नोंदीत फक्त तिचा पत्ता ठेवायचा.

इथे आपल्या लिपीचा थेट संबंध येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. म, ह, काना, र, काना, ष, हलंत, ट, हलंत, र अशी दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. वर एक शून्य धरलं की एकतीस. म्हणजे ‘महाराष्ट्र’ नावाचं फोल्डर नोंदीच्या आत अगदी जेमतेम बसतं. त्याच्यापुढे नुसतं एक चिन्ह वाढवलं की नाव घराबाहेर जातं. इंग्रजीत एकतीस अक्षरांचं नाव क्वचित कोणी ठेवतं. मराठीत अकरा चिन्हं म्हणजे दोन छोटे शब्द. नावाची कमाल मर्यादा २५५ बाइटांची आहे, तिथेही आपल्या वाट्याला ८५ चिन्हं येतात. आतली नावं आणि बाहेरची नावं कर्नल वेगवेगळ्या तऱ्हेनं सांभाळतो, आणि मराठी नावं या सीमेवर सतत ये-जा करत असतात.

आता नाव बदलू. फाइलचं नाव बदलणारा रिनेम हा सिस्टिम कॉल १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आला. त्याआधी नवं नाव जोडायचं आणि जुनं पुसायचं, अशा दोन पायऱ्या होत्या, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर एकाच फाइलला दोन नावं राहायची. रिनेमनं वचन दिलं की बघणाऱ्याला एक तर जुनं नाव दिसेल, नाही तर नवं. मधलं काही दिसणार नाही. बाहेरून बघणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हे वचन सहसा पाळलं जातं. पण कर्नलच्या पोटात ते बत्तीस बाइट एका फटक्यात बदलत नाहीत. प्रोसेसर एका वेळी आठ बाइट उचलतो, आठ ठेवतो. चार फेऱ्या लागतात. त्या फेऱ्यांच्या मध्ये प्रोसेसरचा दुसरा कोअर तिकडे बघू शकतो.

माझ्या आवडीचं एक उदाहरण आहे. ते मी कागदावर बाइट मांडून तपासलेलं आहे. ‘चंद्रभागा’ नावाच्या फाइलचं नाव ‘गोदावरी’ करायचं आहे. पहिले आठ बाइट बदलून झाले आणि नेमकं तेव्हा कोणी वाचलं, असं धरा. आठ बाइट म्हणजे दोन पूर्ण चिन्हं आणि तिसऱ्याचे दोन बाइट. नव्या नावातून आले ‘गो’ आणि ‘द’ चा बहुतेक भाग. जुन्या नावाचंही तिसरं चिन्ह ‘द’च होतं, त्याचा उरलेला तिसरा बाइट तिथे आहेच. त्यापुढे जुन्या नावाची शेपटी. वाचणाऱ्याला मिळालं ‘गोद्रभागा’. अशी नदी नाही, अशी फाइल कधी कोणी केली नाही, पण नाव तर व्यवस्थित वाचता येतं.

पुष्कळदा लोक म्हणतात, की अशी मोडतोड झाली तर यूटीएफ-८ ची तपासणी ती पकडेलच. देवनागरीपुरतं तरी हे खोटं आहे. आपल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, दुसऱ्याच्या फक्त दोन शक्यता, आणि तिसरा कोणताही आला तरी त्या १२८ जागांच्या तक्त्यात कुठे तरी बसतोच. दोन शुद्ध देवनागरी नावं एकाच जागी कुठेही कापून जोडली, तरी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष देवनागरीच तयार होते. अक्षर मात्र भलतंच असू शकतं. सांधा दिसत नाही, म्हणूनच तो जास्त घातक.

इथवर प्रश्न चुकीच्या नावाचा होता. आता शून्याकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते. शून्य येईपर्यंत वाचत जायचं. डेनिस रिची यांनी या निर्णयाची कारणं पुढे लिहून ठेवली आहेत. आधीच्या भाषेत लांबी आठ किंवा नऊ बिटांच्या खणात ठेवावी लागे, त्यामुळे स्ट्रिंगला मर्यादा पडे. शिवाय लांबी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणं त्यांना अनुभवानं सोयीचं वाटलं. एकच कोअर, एकच वाचक असलेल्या त्या काळात हे ठीकच होतं. पण या सोयीनं एक गोष्ट ठरवून टाकली. स्ट्रिंग किती मोठी आहे, हे कळायला ती पूर्ण वाचावी लागते. म्हणजे मोजणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. दोन्हींच्या मध्ये वेळ जातो.

समजा ‘पुणे’ या नावाचं ‘महाराष्ट्र’ होतं आहे. ‘पुणे’ बारा बाइटांचं, त्याचं शून्य तेराव्या जागी. पहिले सोळा बाइट बदलले की ते शून्य पुसलं गेलं, आणि नव्या नावाचं शून्य अजून लिहिलेलं नाही. त्या क्षणी वाचणारा शून्य शोधत पुढे पुढे जाणार. कुठपर्यंत? बत्तीस बाइट संपून पुढच्या माहितीत शिरेपर्यंत? लिनक्सच्या लेखकांनी इथे एक साधी आणि मला फार सुंदर वाटणारी गोष्ट केली आहे. नवी डेंट्री तयार होते तेव्हा त्या बत्तीस बाइटांपैकी शेवटच्या बाइटात शून्य ठेवतात, आणि पुढे नाव कितीही वेळा बदललं तरी तो बाइट नेहमी शून्यच राहतो. मधलं शून्य पुसलं गेलं तरी शेवटचं पहारा देत असतं. नाव चुकीचं वाचलं जाईल, पण वाचणारा भिंतीपलीकडे जाणार नाही. कोडमध्ये तिथे हे समजावणारी टीपही आहे. सरांच्या फळ्यावरचं ते ठळक शून्य मला ती टीप वाचताना आठवलं होतं.

आता २०१७ कडे जातो. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे सावकाश बोलतो.

लिनक्समध्ये २००५ पासून इनोटिफाय नावाची सोय आहे. एखाद्या फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगायचं आणि तिथे कोणती फाइल उघडली, लिहिली, पुसली की कर्नल आपल्याला कळवतो. बॅकअप घेणारे, फाइल जुळवून ठेवणारे, फोल्डरची खिडकी दाखवणारे प्रोग्रॅम हिच्यावर चालतात. कळवायचं म्हणजे फाइलचं नाव सांगायला हवं. त्यासाठी घटनेची एक नोंद मेमरीत तयार करायची आणि तिच्या शेपटाला नाव जोडायचं. कोड असा होता: आधी स्ट्रलेन वापरून नावाची लांबी मोजायची. तेवढी आणि एक शून्याची अशी जागा मागायची. जागा मिळाली की स्ट्रकॉपीनं नाव उतरवायचं.

ओळी तीन, तिन्ही बरोबर. सी शिकणाऱ्या कुठल्याही मुलानं परीक्षेत अशाच लिहिल्या असत्या आणि त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण जे नाव मोजलं ते डेंट्रीतलं मूळ नाव होतं. कोणीही लॉक धरलेलं नव्हतं. एका कोअरवर कोणी फाइल उघडतंय, म्हणून ही नोंद तयार होते आहे, आणि दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी त्या फाइलचं नाव बदललं जातंय, असं होऊ शकत होतं. ‘पुणे’ मोजलं, शून्यासकट तेरा बाइट मागितले. जागा मिळेपर्यंत नाव ‘महाराष्ट्र’ झालं. स्ट्रकॉपी तर शून्य दिसेपर्यंत थांबतच नाही. तिनं एकतीस बाइट लिहिले. मागितल्यापेक्षा अठरा जास्त, आणि तेही कर्नलच्या मेमरीत, शेजारी जे काही असेल त्यावर.

याहून वाईट शक्यता बाहेर ठेवलेल्या लांब नावांची होती. नाव बदललं की जुन्या नावाची जागा परत केली जाते आणि ती दुसऱ्या कुणाला तरी मिळते. इनोटिफायच्या हातात मात्र जुनाच पत्ता. ती तिथून जे उतरवेल ते आता कुणाचं आहे, याचा भरवसा नाही. साधं खातं असलेल्या माणसानं एका बाजूला सतत फाइल उघडत राहायचं आणि दुसऱ्या बाजूला सतत नाव बदलत राहायचं. कधी ना कधी वेळ जुळणारच. त्यातून मशीन बंद पाडता येत होतं आणि पुढे जाऊन रूटचे अधिकारही मिळवता येत होते. या दोषाला सीव्हीई-२०१७-७५३३ हा क्रमांक मिळाला.

जाणत्या लोकांच्या हातून हे सुटलं कसं, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. कोड नीट वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. रिनेम करणाऱ्या कोडमध्ये जुन्या नावाची नक्कल आधीच काढून ठेवली जात होती, कारण नाव बदलल्यावर जुनं नाव कळवायचं असतं. म्हणजे जो नाव बदलतो त्याला ते हातातून निसटणार हे माहीत होतं आणि त्यानं आपली सोय केली होती. जो नुसता फाइल उघडत होता, त्याला कोणी तरी नाव बदलेल अशी शंकाही नव्हती. बदल करणारा सावध असतो. गाफील असतो तो वाचणारा.

मग लॉक का धरत नाहीत, असं तुम्ही विचाराल. डेंट्रीला स्वतःचं लॉक असतंच. पण ते स्पिनलॉक आहे. दुसऱ्याला हवं असेल तर तो जागच्या जागी गिरक्या घेत वाट बघतो, म्हणून ते धरून झोपायला परवानगी नाही. आणि जागा मागणं म्हणजे कधीकधी झोपणंच. मेमरी कमी असेल तर कोणी ती मोकळी करून देईपर्यंत थांबावं लागतं. मोजणं, जागा मागणं आणि उतरवणं या तीन ओळींत मधली ओळ झोपाळू, म्हणून तिन्हींना एका लॉकखाली आणता येत नाही. फोल्डरचं मोठं लॉक धरलं, तर प्रत्येक फाइल उघडताना सगळं फोल्डर अडेल, आणि आधीच दुसरी लॉकं धरून आलेल्या कोडची त्याच्याशी गाठ पडली तर दोघंही एकमेकांसाठी कायमचे थांबतील.

जुलै २०१७ मध्ये अल व्हिरो यांनी जी दुरुस्ती केली, तिचं नाव डेंट्री नेम स्नॅपशॉट. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याची नक्कल काढतात, तसं हे आहे. उद्या फेरफार होऊन मूळ कागदावरचं नाव बदलेल, पण हातातली नक्कल त्या तारखेची म्हणून खरी राहते. स्पिनलॉक धरायचं. नाव नोंदीच्या आत असेल तर सगळेच्या सगळे ३२ बाइट स्वतःजवळ उतरवून घ्यायचे. किती अक्षरं आहेत ते मोजायचंच नाही. जागा आधीपासून स्वतःच्या स्टॅकवर काढून ठेवलेली, त्यामुळे झोपायचा प्रश्न नाही. नाव बाहेर असेल तर उतरवायचंही नाही. बाहेरच्या नावाला एक मोजणी जोडलेली असते, किती जण ते वापरत आहेत याची. ती एकनं वाढवायची, की ती जागा आपलं काम होईपर्यंत कोणी परत करू शकत नाही. लॉक सोडायचं. मग सावकाश मोजा, झोपा, जागा मागा, उतरवा. काम संपलं की मोजणी कमी करायची.

मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे की लॉकखाली मोजण्याची पायरीच काढून टाकली. छोटं नाव आहे ना, मग बत्तीसच्या बत्तीस घे. मोजून बारा घेण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात न मोजता बत्तीस घेऊन होतात.

ही झाली एक रीत. दुसरी रीत अगदी उलटी आहे. लॉक न धरताच वाचायचं, चुकीचं वाचलं जाईल हे गृहीत धरायचं, आणि चूक झाली असेल तर फेकून पुन्हा वाचायचं. संपूर्ण पाथ तयार करणाऱ्या कोडमध्ये ही रीत आहे. तुम्ही टर्मिनलमध्ये मी कुठे आहे असं विचारता, तेव्हा कर्नल या फोल्डरपासून त्याच्या आईकडे, तिथून आजीकडे असा मुळापर्यंत चढत जातो. त्यामुळे पाथ बफरच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटा लिहिला जातो. या चढाईत वाटेतलं कुठलंही फोल्डर कोणी हलवू शकतं. म्हणून एक क्रमांक ठेवलेला असतो. नाव बदलणारा सुरुवातीला तो एकनं वाढवतो आणि काम संपल्यावर पुन्हा एकनं. म्हणजे विषम क्रमांक दिसला की काम चालू आहे. वाचणारा आधी क्रमांक बघतो, पाथ लिहितो, पुन्हा क्रमांक बघतो. दोन्ही सारखे तरच पाथ खरा. नाही तर सगळा फेकून दुसऱ्यांदा प्रयत्न, आणि या वेळी मात्र लॉक धरून, नाही तर सतत नावं बदलणारा कोणी त्याला कायम फिरवत ठेवील.

ही रचना वाईमन लाँग यांनी २०१३ मध्ये आणली आणि तिच्यातली एक बारीक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. नावाचा पत्ता आणि नावाची लांबी ही दोन वेगळी वाचनं आहेत. मध्ये नाव बदललं तर पत्ता एकाचा आणि लांबी दुसऱ्याची, अशी जोडी मिळेल. शेवटी सगळं फेकून द्यायचं असलं तरी तोपर्यंत त्या जोडीवर विश्वास टाकून भलतीकडे वाचलं तर मशीन तिथेच कोसळेल. म्हणून लांबीवर विसंबायचं नाही. त्या वेळी एकेक बाइट उतरवायचे, आणि लांबी संपली किंवा शून्य आलं, जे आधी होईल तिथे थांबायचे. हातात कचरा आला तरी चालेल, तो पुढे फेकला जाणारच आहे. पण कचरा उचलतानासुद्धा पाय कड्यावरून घसरता कामा नये. शिवाय जुन्या नावाची जागा वाचणाऱ्याच्या पायाखालून काढून घेतली जाऊ नये, यासाठी पॉल मॅकेनी यांच्या नावाशी जोडलं गेलेलं आरसीयू हे तंत्र आहे. जुनी जागा लगेच परत करत नाहीत. त्या क्षणी वाचत असलेले सगळे जण बाहेर पडेपर्यंत थांबतात. लिनक्समध्ये ते २००२ पासून आहे, आणि २०११ मध्ये निक पिगिन यांनी पाथ शोधण्याचं बहुतेक काम याच पायावर नेलं, तेव्हापासून फाइल उघडताना वाटेतल्या प्रत्येक फोल्डरला लॉक लावण्याची गरज संपली.

स्ट्रिंग उतरवण्याच्या फंक्शनांचा इतिहासही याच वाटेनं जातो, पण त्याबद्दल थोडक्यात. १९९० च्या दशकाच्या शेवटी ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी स्ट्रएलकॉपी आणली. जागा किती आहे ते आधी सांगायचं, म्हणजे ती त्याबाहेर लिहीत नाही आणि शेवटी शून्य नक्की ठेवते. स्ट्रकॉपीपेक्षा कितीतरी चांगली. पण लिनक्समध्ये ती आतून आधी मोजत होती आणि मग उतरवत होती. तीच जुनी फट. स्ट्रिंग स्थिर असेल तोवर ठीक, ती पायाखाली हलली तर मोजणी एकाची आणि मजकूर दुसऱ्याचा. २०१५ मध्ये क्रिस मेटकाफ यांनी स्ट्रएसकॉपी आणली. ती आठ बाइट उचलते आणि उचललेल्या त्याच आठ बाइटांत शून्य आहे का ते बघते. मूळ जागी पुन्हा डोकावत नाही. म्हणजे जे तपासलं तेच उतरवलं. तिच्या टिपेत स्पष्ट लिहिलं आहे की उतरवत असताना स्ट्रिंग बदलली तरी ती डगमगत नाही. स्ट्रएलकॉपीचे हजारो वापर एकेक करून बदलत नेले आणि २०२४ च्या सुरुवातीला ६.८ या आवृत्तीत ती कर्नलमधून कायमची काढून टाकली. हे काम कंटाळवाणं होतं आणि कोणाच्या नजरेत भरणारं नव्हतं. ते करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. तरी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. स्ट्रएसकॉपी हद्द ओलांडू देत नाही, पण ‘गोद्रभागा’ ती आनंदानं उतरवून देईल.

प्रोग्रॅमनं दिलेल्या पाथचंही असंच. तुम्ही फाइल उघडायला सांगता तेव्हा पाथ तुमच्या मेमरीत असतो, आणि तुमचाच दुसरा थ्रेड तो बदलू शकतो. कर्नलनं तपासताना एक वाचलं आणि उघडताना दुसरं, असं झालं तर परवानगीला काही अर्थ उरत नाही. तपास आणि वापर यांच्यातल्या या फटीवर विल्यम मॅकफी यांनी १९७४ मध्येच आयबीएमच्या मोठ्या मशीनच्या संदर्भात लिहिलं होतं. म्हणून लिनक्स तो पाथ एकदाच, शून्यासकट जास्तीत जास्त ४०९६ बाइट, आपल्याकडे उतरवून घेतो आणि पुढे सगळ्यांना, अगदी ऑडिटच्या नोंदीलासुद्धा, तीच नक्कल देतो.

आता अलीकडची एक गोष्ट. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सगळं संपलं असं मला वाटलं होतं. पण वेगवेगळ्या फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये, विशेषतः नेटवर्कवरून चालणाऱ्यांमध्ये, डेंट्रीचं नाव लॉकशिवाय वाचणाऱ्या जागा उरल्या होत्या. आपल्याजवळची नोंद अजून खरी आहे का, असं दूरच्या सर्व्हरला विचारताना नाव पाठवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात ते बदलू शकतं. व्हिरो यांनी हा प्रश्न प्रत्येकाच्या दारात जाऊन सोडवला नाही. त्यांनी हे विचारणाऱ्या फंक्शनची मांडणीच बदलली. ज्यानं विचारायला सांगितलं, त्याच्याकडे न हलणारं नाव असतंच, मग तेच हातात द्यायचं. हे २०२५ मधल्या आवृत्तीत आलं. त्याच सुमारास स्नॅपशॉट काढायला लागणारं स्पिनलॉकही गेलं. आता नक्कल आधी काढतात आणि क्रमांक बदलला असेल तर पुन्हा काढतात. मी आज ज्या दोन रीती वेगवेगळ्या सांगितल्या, त्या तिथे एकत्र आल्या.

आणि तरीही एक जागा अशी आहे, जिथे मिश्र नाव जाणूनबुजून चालवून घेतलं आहे. २०१३ पासून कर्नलच्या लॉगमध्ये फाइलचं नाव छापायला स्वतंत्र सोय आहे. तिच्या वर्णनातच म्हटलं आहे की त्याच वेळी नाव बदललं गेलं तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं छापलं जाऊ शकतं, पण मशीन कोसळणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. आता पटतं. लॉग लिहिला जातो तो बहुधा काही तरी बिघडलेलं असताना. कोणी कुठली लॉकं धरून तिथवर पोचलंय याचा नेम नसतो. तिथे आणखी एका लॉकची वाट बघायला लावली, तर सांगायचं ते सांगायच्या आतच सगळं ठप्प होईल. परवानगी तपासताना असं नाव चालणार नाही, घटना कळवताना चालणार नाही, लॉगमध्ये चालेल. ही सूट कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे लिनक्सच्या लेखकांनी एकेका जागेपुरतं बसून ठरवलं आणि ठरवलेलं लिहूनही ठेवलं.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी पुढे एखादं मशीन सांभाळत असाल आणि रात्री लॉग चाळताना तुम्हाला ‘गोद्रभागा’ दिसली, तर ती फाइल शोधत बसू नका. चंद्रभागेपाशी बघा, नाही सापडली तर गोदावरीपाशी.